झीज

सदरमध्ये मुस्तनसिरभाईंच्या दुकानात
कूलर वाळ्याचा वास सोडतो, आणि थोडं पाणीही.
रुमालात गुंडाळलेलं ते मी काउंटरवर ठेवते,
सोबत परवान्याचं पुस्तक:
पुंडलिक बारापात्रे या नावावर आडवी रेघ,
खाली माझं, वारस म्हणून, जांभळ्या शाईत.

पिस्तूल रिकामं आहे ना, ते आधी बघतात.
दोनदा. मी सांगूनही.
मग उजेडाकडे धरतात.
निळाई उडालेली. नळीच्या टोकाला, कडांना
पोलाद उघडं पडलंय
म्हाताऱ्या माणसाच्या कोपरासारखं.
डाव्या अंगाला, चापाच्या वर,
एक गुळगुळीत जागा,
बरोबर अंगठ्याएवढी.

"पूर्ण घासून निळं करून देतो, बाई. नऊ हजार.
काल फॅक्टरीतून आल्यासारखं दिसेल."

अनंताला तेच हवंय.
परवाना माझ्या नावे, म्हणून काचेचं कपाट माझ्या हॉलमध्ये,
वर बाबांचा फोटो,
आणि पाहुण्यांसाठी गोष्ट:
बाबा नागभीड लाईनवर पगार वाटायचे,
छोट्या गाडीत, पैशांच्या पेटीवर बसून.
भिवापूरच्या पुढे चौघे चढले
आणि बाबांनी दोन गोळ्या झाडल्या.
(अनंता सांगतो तेव्हा तीन.)

मुस्तनसिरभाई नळीला डोळा लावतात.
बराच वेळ.
"आतून तर कोरं आहे हो.
झाडलंच नसेल कधी. झाडलं तर एकदा,
विकणाऱ्यानं, दाखवायला."

कूलरचा पंप खरखरतो.
मी त्या गुळगुळीत जागेवर अंगठा ठेवते.
माझा पुरत नाही.

तेवीस वर्षं, दर महिन्याची सात तारीख.
कोटाच्या खिशात हात.
डब्याचं दार वाजलं की अंगठा फिरत असेल,
वर खाली, वर खाली,
नोटा मोजताना फिरायचा तसा.
निळाई अशी गेलीय.
घाबरून.
रात्री घरी आले की ते आधी पाय धुवायचे
आणि विचारायचे, जेवलात का रे पोरांनो.

"आणि हे बघा." ते भिंग माझ्याकडे सरकवतात.
मुठीजवळ तांबूस डाग, डागात बारीक वळणं.
"घामाच्या बोटाचा गंज. बोट लहान आहे. पोरासोराचं."

मी नऊ वर्षांची. मे महिना. कपाट चुकून उघडं.
उचललं, जड होतं, तसंच ठेवलं,
आणि पुढचे तीन दिवस ताप आल्याचं सोंग केलं.
इतकी वर्षं ते बोट तिथेच होतं.
दर निवडणुकीला ठाण्यात जमा होत होतं,
सुतळीला बांधलेल्या चिठ्ठीसकट परत येत होतं.

"झीज राहू दिली तर चालते," मुस्तनसिरभाई म्हणतात,
"ती काय, आहे तिथे आहे.
गंज मात्र खातो. तो काढावाच लागेल."

"मग तेवढाच काढा. माझा."
"तुमचा?"
मी काही बोलत नाही. तेही पुढे विचारत नाहीत.

तेल, पितळी काथ्या, हलका हात.
पाच मिनिटांत फडक्यावर तपकिरी उतरतं.
ते फडकं मी मागून घेते.
बाबांच्या जागेवरून नुसता तेलाचा बोळा फिरतो
आणि ती आधीपेक्षा जास्तच चमकते.

दीडशे रुपये.

बाहेर ऊन डांबरावर उभं. फोन वाजतो.
"कधी देतो म्हणाला?"
"दिलं."
"एवढ्यात? झालं नवं?"
समोरून बस जाते. मी ती जाऊ देते.
"अनंता, बाबांच्या हातात पिस्तूल तू कधी पाहिलंस?"

तो गप्प. मग म्हणतो,
"हातात नाही.
कोटाचा तो एक खिसा मात्र सारखा फाटायचा.
आई दर महिन्याला शिवायची,
आठ तारखेला."